महाराजांच्या पानावरचं शेत

मी, बन्सीधर विठ्ठलराव धारासूरकर, राहणार परभणी, धंदा पूर्वी हैदराबादेस कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याचा आणि हल्ली तेच शास्त्र देवळोदेवळी कीर्तनातून सांगण्याचा, कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि नंतर माझ्याऐवजी माझ्या बायकोशी बोलले, त्यावरून समजायचं ते समजलो. बुद्धी शाबूत आहे. लाज जास्त झाली आहे, ती वारसांवर टाकता येत नाही म्हणून इथे लिहितो.

१. राहतं घर, त्यातली भांडीकुंडी आणि शिल्लक माझी पत्नी पार्वतीबाई हिची. तिनं मला कधी महाराज म्हटलं नाही, एवढ्या एका गुणावर ती याहून मोठ्या इस्टेटीला पात्र होती.

२. जड ताऱ्याजवळून जाताना प्रकाश किती वाकतो, यावरचा माझा निबंध विलायतेच्या एका मासिकात छापून आला. सगळं काम पाटावर बसून, पेन्सिलीनं केलेलं. कॉलेजात सत्कार झाला. सत्कार करणाऱ्यांपैकी कुणी तो वाचला नव्हता. तो अंक दिनकरराव वकिलांना द्यावा. त्यांच्या मेजाचा एक पाय आखूड आहे, जाडी बरोबर बसेल.

३. दुर्बीण, जादूचा कंदील आणि ग्रहांच्या काचा बोरीच्या शाळेला. अट अशी की दुर्बिणीला कुणी हळदकुंकू वाहू नये. आजवरचं मी पुसलं आहे, पण फटीतलं निघत नाही.

४. झांज, उपरणं आणि पगडी माझे पेटीवाले किशनराव यांना. इथे थोडा खुलासा हवा. आपल्या निजामी मुलखात व्याख्यान म्हटलं की परवानगी लागते. पोलिसांचे अमीनसाहेब येऊन नावं लिहून घेतात. कीर्तन म्हटलं की तेच अमीनसाहेब पुढे बसून मान डोलावतात. म्हणून मी पूर्वरंगात प्रकाशाचा वेग सांगायचो आणि उत्तररंगात सूर्याचं आख्यान लावायचो. साप्ताहिकातून भोंदू बुवांची टर उडवणारा मी, तोच बुवांचे कपडे घालून उभा राहिलो. वाटलं, कपडेच तर आहेत. लोक बुक्का लावायचे, प्रकाशमहाराज म्हणून पाया पडायचे. पहिल्यांदा पाय मागे घेतले. पुढे पुढे घ्यायचे राहून गेले.

५. आता ज्याच्यासाठी हा कागद, ते शेत.

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात कीर्तन होतं. मी सांगत होतो की ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागतात की तारा विझून गेला तरी तो आपल्याला दिसतच राहतो. खांबाजवळ कडूबाई बसली होती. तिचा नवरा त्याच सालात वारला होता. ती तिथूनच म्हणाली, "मंग आमचं माणूसबी कुठंतरी आजून दिसायलंय म्हणा की."

मी म्हणालो, "खूप लांबून कुणी पाहत असेल, तर त्याला दिसत असेल, बाई."

शास्त्राच्या दृष्टीनं यात एक अक्षर खोटं नाही. पण तिनं काय ऐकलं ते मला त्याच क्षणी कळलं. देऊळ गप्प झालं होतं, आणि तसली शांतता मला कॉलेजात कधी मिळाली नव्हती. मी किशनरावांना आरतीची खूण केली.

महिन्याभरात तिनं विहिरीलगतचं आपलं एकुलतं शेत मला बक्षीस लिहून दिलं. दस्त करायला बरोबर तिचा दीर लिंबाजी होता. कचेरीत घेणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा त्यानं "प्रकाशमहाराज पोखर्णीकर" असं लिहवून घेतलं. मला कळलं ते ज्वारीचं पोतं दारात आलं तेव्हा. तेव्हापासून ती स्वतःच्या शेतात महाराजांचा गडी म्हणून राबते, पीक इथे आणून टाकते आणि पोटासाठी दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जाते. पोतं परत पाठवलं तर ती पायरीवर ठेवून जाते. पार्वतीबाई ज्वारी शेजारीपाजारी वाटते. त्या भाकरीचा वास मात्र शेजारून आमच्या घरात येतो.

लिंबाजीनं देवळामागे ओटा बांधला आहे. जत्रेत हरवलेल्या माझ्या चपला तिथे पितळी चौकटीत बसल्या आहेत. माझं दुखणं कळल्यावर तो भेटायला आला आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "म्हाराज, तुमी निश्चिंत जावा. गादी अन् शेत मी संभाळतो." मी महाराज नाही असं साप्ताहिकात दोनदा छापलं होतं, त्या अंकाचं त्यानं ओट्यावर पारायण केलं.

मागच्या आठवड्यात बैलगाडीनं पोखर्णीला गेलो. कडूबाईला म्हटलं, मी साधा मास्तर आहे, शेत परत घे. ती हसली. खरे महाराज असंच म्हणतात, म्हणाली. दिलेलं दान माघारी घेणं तिच्यानं होणार नव्हतं. मी हट्ट धरला, तर तिनं मलाच समजावलं:

"परसाद म्हणून आलं तर घीन, म्हाराज. परसादाला न्हाई म्हणता येत न्हाई. पर तुमी आजून जेवायलाव. पानावरून उठल्याबिगर उष्टं कसं घ्यावं?"

परत आल्यावर दिनकररावांना विचारलं. ते म्हणाले, धारासूरकरांच्या नावावर पोखर्णीत ढेकूळसुद्धा नाही. शेत प्रकाशमहाराजांचं आहे, द्यायचं तर त्यांनीच द्यावं.

म्हणून, आयुष्यभर जे नाकारलं ते आज साक्षीदारांसमोर कबूल करतो. दस्तातला प्रकाशमहाराज पोखर्णीकर तो मीच. माझ्यामागे गादी नाही, शिष्य नाही, लिंबाजी तर नाहीच. विहिरीलगतचं सबंध शेत, विहिरीच्या हक्कासह, मी कडूबाईला प्रसाद म्हणून देतो. प्रसाद नाकारता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातावरच्या प्रसादात दिरानं वाटा मागायची रीत नाही. हे वाक्य लिंबाजीला मोठ्यानं वाचून दाखवावं. शास्त्राच्या जोरावर मला हे साधलं नाही, याची नोंद असावी.

६. माझं दहन करावं. समाधी, ओटा, दगड काही नको. चौकटीतल्या चपला काढून ज्याच्या पायात काही नाही त्याला द्याव्यात.

७. दहाव्यानंतर पार्वतीबाईनं पोखर्णीला जावं. किशनरावांनी पेटी वाजवावी, कारण सुराशिवाय कडूबाईला खरं वाटायचं नाही. शेतातली मूठभर माती आणि हा कागद पळसाच्या पानावर ठेवून तिच्या ओंजळीत द्यावा. ताऱ्यांबद्दल काही बोलू नये. तिनं विचारलं तरी नाही. एवढंच सांगावं की महाराज पानावरून उठले.

मुक्काम परभणी, माघ वद्य तृतीया, शके १८६७, फसली १३५५.

साक्षीदार: दिनकरराव, वकील, परभणी
साक्षीदार: किशनराव, पेटीवाले, पोखर्णी (सही करून पाया पडले, या खेपेला मी पाय मागे घेतले)

सही: बन्सीधर विठ्ठलराव धारासूरकर
तोच प्रकाशमहाराज पोखर्णीकर