चांद्याचा कासरा

सोनाळा, मळ्यातून
पोळ्याची आदली संध्याकाळ, १९२६

प्रिय शेषा,

आत्ताच चांद्याचे खांदे लोण्या-हळदीने मळून उठलो. तसाच लिहायला बसलोय, तेव्हा कागदावर पिवळे डाग पडतील. ‘आज आवतन घे, उद्या जेवाले ये,’ असं त्याच्या कानात म्हटलं तर नेहमीसारखी मान हलवली त्याने. त्याला काय माहीत, उद्या कासरा कोणाच्या हातात असेल! मलाही दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

दुपारी आई येऊन गेली. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून पहिल्यांदाच मळ्यात आली. पाण्याला मात्र शिवली नाही. मी काहीच कळवत नव्हतो, म्हणून आली होती. बाबा चैत्रात गेले तेव्हाच पंचांनी सांगितलं होतं, तोरणाखाली पहिला बैल पाटलाच्या थोरल्या लेकाचा. थोरल्याने येऊन पूजा करावी, नाहीतर मान धाकट्याला सोडावा. दोन्ही नाही झालं तर मान आपल्या घरातून निघून भाऊबंदांतल्या भगवानरावांच्या घरी जाणार. मी ना हो म्हटलं, ना नाही. तुम्हाला वाटलं, किसन ख्रिस्ती झाला आणि शिष्टही झाला. अरे, शिष्टपणा कसला! मला तो मान हवा होता. यंदा तर जळगावहून तहसीलदार येऊन पहिल्या बैलाच्या धन्याला फेटा बांधणार. वखर हाकताना तो फेटा मला माझ्या डोक्यावर दिसायचा. प्रार्थनेला डोळे मिटले तरी दिसायला लागला, तेव्हा मात्र मी घाबरलो.

आई म्हणाली, “तुया येशूले आत ठेव ना बापा, त्याले कोन काढून राह्यलं? बाहेरून एक नारळ फोड.” किती सोपं करून टाकलं तिने! ती गेल्यावर तेच घोळवत बसलो. एक नारळ, एक टिळा, त्यात कोणाचं काय जातं? पण शेषा, उद्या तुला कोणी म्हटलं, ‘ही माझी आई नाही म्हण, मग फेटा बांधू,’ तर बांधून घेशील? ज्याला मी सगळ्यांच्या आधी मानतो, त्याला गावासमोर दाराआड बसवायचं, ते लोकांनी मला पाटील म्हणावं म्हणून? नाही जमायचं मला.

तू चिडशील. म्हणशील, दादा देव देव करतो आणि घराची अब्रू भगवानरावांच्या अंगणात टाकतो. टाकत नाही. झूल शिवणारे शकूरभाई हे पत्र आणि चांद्या दोन्ही घेऊन येत आहेत. त्याला डावीकडून धर. उजवीकडे माणूस आला की बिथरतो.

मी स्वतः का आलो नाही, तेही सांगतो. आईने बाबांचा फेटा पेटीतून काढून ठेवलाय. तो घेऊन ती दारात उभी राहिली तर माझ्याने ‘नाही’ म्हणवणार नाही. म्हणून हे पत्र. उद्या चावडीवर पंचांना वाचून दाखव: मी किसन, पोळ्याचा मान धाकटा भाऊ शेषराव याला कायमचा सोडला. अशा कागदावर ‘राजीखुशीने’ लिहायची रीत आहे. मी राजीने सोडलाय रे. खुशी अजून आली नाही, ती येशूकडे मागतोय. बाबांचा फेटा तू बांध. तुला नीट बसेल. आपली दोघांची डोकी त्यांच्यावरच गेलीत.

तुझाच, तोरणाबाहेरचा,
किसनदादा