टिकलीची एक वाटी

३ मार्च, सोमवार
डॉक्टर येऊन गेला. टिकलीचे पुढचे दोन्ही खूर गरम लागतायत, मानेवर चरबी चढून कडक झालीय. "हिला कोणीतरी जास्तीचं खाऊ घालतंय, तेच खुरांत उतरलंय," म्हणाला. कोणीतरी! माझ्या तबेल्यात! सकाळी एक वाटी भरडा मी स्वतः घालतो, मग दिवसभर वाळलेलं गवत. बास. माझ्या कमरेएवढी घोडी ती, तिला लागतं किती? लोकांना ती खेळणं वाटते.
डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. आणखी महिनाभर असंच चाललं तर खुराच्या आतलं हाड सरकेल, म्हणाला. मग ती उभी राहणार नाही, आणि तिला इंजेक्शन देऊन कायमचं निजवायला त्यालाच यावं लागेल.
कोण घालतंय ते मी शोधणारच.

४ मार्च, मंगळवार
सापडला! शेजारचे मास्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी अख्ख्या जगाला अजून चौथीतलं समजतात. कुंपणाशी उभे, हातात गाजराच्या साली, आणि आमची दोन्ही गाढवं कान टवकारून त्यांच्यापुढे. निमकहराम!
"गाढवांना देतोय हो. टिकलीला नाही."
गाढवांना तरी का? तुमची आहेत? पुन्हा कुंपणाशी दिसलात तर बोलणं बंद, असं सांगून टाकलं. तर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

६ मार्च
भरड्याच्या पिंपाला कुलूप. चावी दोऱ्यात ओवून गळ्यात. बायको म्हणाली, "आंघोळीलाही काढणार नाही?"
नाही काढणार.

८ मार्च, शनिवार
पिंप रिकामं होतंच आहे! कुलूप तसंच. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, एक अनुस्वार सुटू दिला नाही — आणि बायको मला म्हणते, "अंदाज चुकला असेल तुमचा."
टिकलीला वाटी घातली. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. आधी मला बघून दुडूदुडू यायची. आज खिंकाळली फक्त. बघवत नाही.

८ मार्च
टिकलीला तिची वाटी घातली. मी नसतो तर उपाशीच राहिली असती बिचारी. घरात कोणाला आठवण म्हणून नाही!

९ मार्च, रविवार
मास्तरांच्या घरी गेलो. सुनेसमोरच विचारलं — माझी घोडी मारायला निघालात का? पिंपाचं कुलूप कशाने उघडता?
वाटलं, भांडतील. मीही तयारीनेच गेलो होतो. तर खुर्ची पुढे केली. "बसा. पाणी घ्या. तुम्ही कालही हेच विचारून गेलात."
काय थापा मारतो हा माणूस! काल मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. पाणी न पिता निघालो.

११ मार्च, मंगळवार
बायको आपणहून म्हणाली, "मी घालते टिकलीला. मास्तरांच्या मागे लागू नका."
हिने! पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि घरभेदी घरातच! चावी कुठून आणली विचारलं, तर दुसरी होती म्हणे. दाखव म्हटलं. हरवली म्हणे. डॉक्टर काय बोलला ते माहीत असून का घातलंस, विचारलं. त्यावर काय केलं, तर माझ्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती ती सोडून नीट लावून दिली. माझी घोडी मरतेय आणि हिला बटणं सुचतायत!
तिच्याशी बोलत नाही. जेवण वाढलं ते जेवलो, पण बोललो नाही.

१२ मार्च
तरी मन खात होतं. हिला खोटं बोलता येत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही जमलेलं नाही.
लेकीला फोन करून बोलावून घेतलं. तबेल्यात कॅमेरा बसवून पाहिजे म्हटलं. "बाबा, आई कबूल झाली ना? मग आता कशाला?" पुरावा हवा मला! कुरकुरत बसवला. माझ्याकडे बघत नव्हती.

१५ मार्च, शनिवार
लेकीने मोबाईलवर दाखवलं. आधी नकोच म्हणत होती, मी हट्ट धरला.
सातला मी. वाटी घालतो, टिकलीची मान खाजवतो. पावणेआठला परत मी. कुलूप काढतो, वाटी भरून घमेल्यात ओततो, मान खाजवतो. साडेनऊला मी. प्रत्येक वेळी माझी पाठ वळली की बायको धावत येते आणि टिकलीच्या तोंडासमोरून घमेलं ओढून घेते. टिकली सोडत नाही. एकदा तिच्या हाताला चावलीसुद्धा. हातावरची पट्टी बघून मला वाटलं होतं, भाजलाय.
मास्तरांकडे जाऊन माफी मागितली. हे लिहून ठेवतोय, नाहीतर उद्या पुन्हा भांडायला जाईन.