साखळी की दोर, आणि आमचे दोघे हट्टी

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू माळ्यावर चढणार, म्हणून काहीच सांगत नाही. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. (एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून खिडकीत जाऊन आले. आज मन कशातच लागत नाही.)

तर बोट. आमच्या सायकलवाल्यांनी हौसेनं जुनी बोट घेतली, हे तुला ठाऊक आहेच. ती खाडीत उभी करायची तर नांगर हवा, आणि नांगराला साखळी लावायची की दोर, यावरून घरात उभे दोन तट पडले. बाबांची सगळी नोकरी दोरखंडाच्या कारखान्यात. आई गेल्यापासून कुणाशी धड बोलत नव्हते, पण दोराचं नाव निघताच ताडकन उठून बसले. दोर ताणला जातो, लाटेचा हिसका सोसतो, उचलायला हलका! उलट ह्यांचा अर्धा जन्म सायकलच्या साखळ्यांत गेलेला. ह्यांच्या मते दोर ही कपडे वाळत घालायची वस्तू. साखळी कशी, जडपणानं तळाशी पडून राहते आणि दगडावर घासली तरी तुटत नाही. दुकानदार बिचारा म्हणाला, खाली थोडी साखळी घ्या, वर दोर लावा, सगळे तेच करतात. दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आतल्या खोलीत निघून गेला.

आधी मान वडिलांचा, म्हणून दोर लावला आणि बोटीवरच जेवायला बसलो. मी म्हटलं, "बाबा, ती शेजारची बोट जवळ येतेय."

"येऊ दे. आपण जागचे हललेलो नाही."

लगेच आम्ही तिच्यावर आदळलो आणि माझं ताट माझ्याच मांडीवर. खडकावर घासून दोर केव्हाच तुटला होता. नांगर गेला. पुढच्या रविवारी साखळीची पाळी. ह्यांनी ऐटीत नवा नांगर सोडला, बादलीतली साखळी खडखडत सुटली आणि सुटतच राहिली. (तिचं दुसरं टोक बोटीला बांधायचं असतं.) शेवटची कडी टुणकन उडी मारून पाण्यात गेली आणि हे रिकाम्या बादलीत बघत उभे. तेव्हा ताई, बाबा हसले. इतके हसले की मला वाटलं, ठसका लागला. मग हेही हसू लागले. आई गेल्यापासून तो आवाज ऐकलाच नव्हता गं. मला रडू फुटलं, तर दोघं समजूत घालतायत, "अगं, नांगर दुसरा आणू!"

आता खाली साखळी, वर दोर. बाबांनी दोराचे पेड उलगडून शेवटच्या कडीत विणले, ह्यांनी कडी धरून ठेवली. ही कल्पना कुणाची, ते दोघांना वेगवेगळं विचार.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. दोघं बोटीनं तुझ्याकडे यायला निघालेत. चांगले आठवडाभर ठेवून घे, म्हणजे मला जरा शांतता मिळेल.

आणखी ता. क. शांतता कसली! पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, त्यांच्या आधी पोचेल. मिळताक्षणी कुणाला तरी धक्क्यावर उभं कर आणि त्यांना पकडायला सांग. साखळी नेलीय, दोर नेलाय. नांगर इथे दारात, माझ्या चपलांशेजारी पडलाय.