पाचवं रीळ

आप्पा,

रेकॉर्डिंगचं मशीन कधीच भंगारात गेलं, पण त्याच्या झाकणात ठेवलेलं आपलं बजेट अजून माझ्याजवळ आहे. बजेट हा शब्द तुमचाच. वखारीतल्या दिवाणजींच्या तोंडून तुम्ही तो उचललात आणि तुम्हाला तो इतका आवडला, की आईनं बाजाराला पाच रुपये मागितले तरी तुम्ही म्हणायचात, "बजेट बघू दे की आधी."

बेळगावच्या खडेबाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं काढून मी निपाणीला परत आलो, तो डोक्यात एकच खूळ घेऊन. घरामागच्या पडवीच्या जागी रेकॉर्डिंगची खोली बांधायची. खेड्यापाड्यातल्या गाणाऱ्या पार्ट्या तेव्हा कॅसेट काढायला पार कोल्हापूरपर्यंत जायच्या. त्या आपल्या दारात येतील, असं मी तुम्हाला सांगितलं. आईला मात्र खरं सांगितलं होतं. तुम्ही दिवसभर वखारीत तंबाखूची पोती शिवायचात आणि जयंतीला, लग्नाकार्याला आपल्या वस्तीतल्या पार्टीत पुढं उभं राहून गायचात. तो आवाज मला धरून ठेवायचा होता. तुमच्या तोंडावर हे बोलायला जीभ रेटली नाही.

स्वयंपाकघरात चुलीपुढं आपण बसलोय. वजनाच्या चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही पेन्सिलीनं लिहिताय, जिभेचं टोक दातात धरून. विटा, वाळू, सिमेंट, दार, जुनं स्पूलचं मशीन, माईक.

"मधल्या भिंतीला काच कशाला रं?"

"गाणारा दिसायला पाहिजे की, आप्पा."

"गाणं ऐकायचं हाय का बघायचं?"

काच गेली. भिंतीला आतून लावायच्या तयार फळ्यांची किंमत ऐकून तर तुम्ही पेन्सिलच खाली ठेवलीत. "पोती शिवतो की मी. भुसा भरून गाद्या करू. आवाज काय, चोर बी बाहेर जायचा न्हाय." आणि खरंच, वखारीतून टाकाऊ पोती आणून तुम्ही महिनाभर दाभण चालवलंत. टेपची रिळं तेवढी महाग, ती चारच घ्यायची ठरली. पुसून पुन्हा वापरायची.

खोली झाली त्या दिवशी आईनं शिरा केला होता. नव्या जागी पार्टीतल्या थोरल्यानं आधी तोंड उघडायचं, ही तुमच्या पार्टीची रीत. तुम्ही टोपी काढून माईकपुढं उभे राहिलात, कानावर हात ठेवलात आणि पोती शिवता शिवता स्वतः रचलेलं गाणं म्हटलंत. दोनच कडवी. मधलं दार उघडं होतं, पण मी मशीनवरच्या आवाजाच्या काट्याकडं बघत होतो, तुमच्याकडं नाही. बाहेर येऊन तुम्ही विचारलंत, "आला का आवाज?"

"आला."

"मग ऱ्हाऊ दे तसाच."

उभ्या जन्मात तुम्ही माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

पुढच्याच आठवड्यात जांबोटीकडची पार्टी आली. लग्नाची गाणी करायची होती, पैसे रोख. पण गायला तोंड उघडलं की कुणीतरी शिंकायचं. तुमच्या पोत्यांतली तंबाखू! आपल्याला निपाणीकरांना तो वास कधी कळलाच नव्हता, आणि त्या जंगलातल्या माणसांच्या नाकांतून पाणी वाहत होतं. तुम्ही दारात उभं राहून हसत होता, त्यांना गूळपाणी देत होता. शिंकण्यात सकाळ गेली. बेळगावातून जांबोटीला संध्याकाळची एकच गाडी, ती त्यांना गाठायची होती. माझी तीन रिळं दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या गाण्यांनी भरलेली, कॅसेटवर उतरवायची राहिलेली. चौथ्यावर तुम्ही. तुमची दोन कडवी उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. पण पार्टीचा म्होरक्या घड्याळ दाखवत होता आणि पहिलंच मोठं गिऱ्हाईक मला नाराज करायचं नव्हतं. तुम्ही काय, घरातच होता. कधीही पुन्हा म्हणाल. मी चौथं रीळ लावलं.

ती माणसं गेल्यावर तुम्ही विचारलंत, "माझं हाय न्हवं?"

"हाय की," मी म्हणालो.

पुन्हा गा म्हणालो असतो, तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून म्हणालोच नाही. पावसाळा सरायच्या आत तुम्ही गेलात. शोकसभेला सगळी वस्ती विहारात जमली होती. तुमचे ढोलकीवाले मला म्हणाले, "आप्पांचं लाव की रं." मी सांगितलं, पावसानं टेपला बुरशी आली. सगळ्यांनी मान हलवली. तुमची लेक आक्का मात्र पदर तोंडाला लावून रडली. त्या दिवशी मला माझी जितकी किळस आली, तितकी पुन्हा कधी आली नाही.

आक्काला पुढं खरं सांगितलं, पण अर्धंच. पुसलं मी, म्हणालो; पण रीळ कमी पडलं म्हणून पुसलं. आप्पांनी बजेटात पाचवं कापलं नसतं, तर ही वेळ आली नसती. तिला ते पटलं. तुमचा चिक्कूपणा सगळ्यांना ठाऊक होता. बायकोलाही हेच सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही ते खरं वाटू लागलं. कधीकधी तुमचा रागही यायचा.

आज चिठ्ठी पुन्हा उघडली. पेन्सिल पुसट झालीय, तरी वाचता येतं. तुम्ही लिहिलंय, "टेप रिळं ५", आणि पुढं बारीक अक्षरात, "एक आपल्या पार्टीला". त्या पाचावर निळ्या शाईची रेघ आहे, शेजारी चार केलाय. खाली त्याच शाईत, "रंगीत पाटी". दारावर लावायची पाटी, माझ्या नावाची. तेव्हा तुम्ही ते वाचलंत आणि एवढंच म्हणालात, "व्हय, पाटी पायजेच की."

हे पत्र त्याच चिठ्ठीत घालून ठेवतो. आक्काला दाखवायचं धाडस अजून नाही. तुमच्या खिशात पेन कधी नव्हतंच, आप्पा. शाई माझी आहे.