दाराशी घेतलेला वास

परळ, रविवार संध्याकाळ

अकरा महिने झाले, प्यायलो नाही. आज आमच्या ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांनी पहिल्यांदाच मला प्रभुभोजनाला बोलावलं. "घोटभर द्राक्षारस आहे. मन कचरत असेल तर नुसती भाकर घे," म्हणाले. प्रार्थना केली आणि घेतला. दुसरा घोट मागावासा वाटला नाही!

धाकटीला ताप, म्हणून बायको एस्तर घरीच होती. मी दारात येताच तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. वर्षानुवर्षांची सवय तिची. मला हे आधी सुचलंच कसं नाही? खाली चाळीच्या चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या आणि ही उंबऱ्यावर मटकन बसली.

"घेतलीत?"

गुत्त्यावरून यायचो तेव्हा पवित्र शास्त्रावर हात ठेवून "नाही" म्हणायचो. आज "हो" म्हणालो. मग म्हणालो, "देवळात. प्रभुभोजनाचा घोट."

तिने उठून पुन्हा वास घेतला. वास तोच, दुसरा कुठून येणार?

"नाही म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर पोरांना घेऊन आजच माहेरी गेले असते."