अस्तर किती वाढतं

डोंबिवली,
१२ नोव्हेंबर १९९७

शिवरामदादा,

धाकट्या सगुणाचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा अर्धाच समज). गुडघा कसा आहे तुझा? वहिनी बोलायला लागली का, की म्हैस विकल्याचा राग अजून आहेच?

तू विचारलंस, आमच्या कारखान्यातला कुंडलिक आपल्या मालनला कसा, आणि त्याला कम्प्युटरवरून उठवलं हे खरं का. खरं आहे. सगळं ऐक, मग पोरगी द्यायची की नाही ते ठरव.

आमच्याकडे सध्या पोहायचे पोशाख शिवतात. (परदेशातल्या बायकांचे. लाजू नकोस, नुसतं कापड आहे.) त्याला दोन थर, वर चकचकीत ताणणारं कापड, आत अस्तर. दोन्हीची दहा-दहा इंचाची पट्टी कापायची, फुटपट्टीवर धरून ओढायची, किती वाढली ते बघायचं, मग सोडायची आणि किती मागे आली ते बघायचं. हे आकडे कुंडलिक कम्प्युटरात भरतो, प्रत्येक थराचे वेगळे. जेवढं कापड ताणतं तेवढा पॅटर्न पडद्यावर बारीक होतो, अंगावर गेल्यावर ते वाढणारच म्हणून. मी त्याला म्हटलेलं, अरे, हे आमचे हात न विचारता सांगतात. तर म्हणाला, "सांगतात ना मावशी, पण याला हात नाहीत." बोलायला गोड आहे.

तर गेल्या सोमवारी अस्तराचा आकडा भलताच मोठा गेला. कम्प्युटरला काय, त्याने अस्तर पार आखडून दिलं. साठ पोशाख शिवून झाले आणि मग त्यातला एक प्लास्टिकच्या पुतळीला घालून बघितला, तर गुडघ्यावरच अडला. मी पुतळीची कंबर धरली, शेजारच्या मशीनवरच्या जनाबाईनं पोशाख ओढला, पुतळीचा हात निखळून मुकादमाच्या चहात पडला. वरचं कापड बिचारं यायला तयार, आतलं अस्तर हलेना. (पाहुण्यांसमोर तू हो म्हणतोस आणि आतून वहिनी नाही म्हणते, तसं.)

चांगदेवशेठ आले. "कोणाचे हे उद्योग?"

"आकडा मी भरला शेठ. चूक माझी," कुंडलिक म्हणाला. माणूस अशा वेळी दुसऱ्याचं नाव तरी घेतो! शेठनी त्याला उठवून आम्हा बायकांत घड्या घालायला बसवलं. घड्याही वाकड्याच घालतो.

असा मुलगा आहे. पुढे तू शहाणा (वहिनी म्हणते त्यापेक्षा थोडा जास्तच).

तुझी,
सगुणा

ता. क. अस्तराची पट्टी मी ओढलेली. तो म्हणालेला, हलक्या हातानं ओढा. मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं, जावईबापू," आणि विहिरीचा दोर ओढावा तशी ओढली. तो असा लाजला की फुटपट्टीकडे न बघता मी सांगितला तो आकडा लिहून मोकळा.

ता. क. दुसरा. काल शेठना जाऊन सगळं सांगितलं. कुंडलिक परत खुर्चीवर, घड्या आता मी घालते.

ता. क. तिसरा. मालनला दिवाळीत विचारलेलं, ती नाही म्हणाली नाही. म्हणून त्याच्या घरी तुझा होकार कळवून टाकलाय. रविवारी सहा जण तुझ्याकडे येतायत. तेवढा होकार त्याच्या आत देऊन ठेव.