लोकरच्या जागी

३ फेब्रुवारी, मंगळवार

बादलीत गरम पाणी काढलं, साबण घेतला, आणि मग आठवलं – आंघोळ घालायची कुणाला?

मंगळवारी संध्याकाळी लोकरची, आमच्या पांढऱ्या कुत्रीची, आंघोळ असायची. बुधवारी दवाखान्यात जायचं तर आदल्या दिवशी अंग, नखं, कान सगळं स्वच्छ पाहिजे, असा तिथला नियम. तिला जाऊन महिना होत आला. पण हातांना कोण सांगणार? पाणी फुकट कशाला घालवा म्हणून हवालदारला धरलं. हवालदार म्हणजे आमचा तीन पायांचा कुत्रा. शेल्टरमध्ये येईल जाईल त्याची चौकशी करतो म्हणून हवालदार. त्याने असा गळा काढला की वॉचमन काठी घेऊन धावत आला. "कुणाचा खून करतोयस काय?"

शेवटी मीच भिजलो. हवालदार कोरडा.

५ फेब्रुवारी

आईचा फोन. तिने तिकडे सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगा मोठ्या दवाखान्यात असतो. लोक विचारतात, अरेरे, काय झालं त्याला?

मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, "ती पांढरी गेली ना? मग आता काय काम आहे तुझं तिथे? ये की परत."

आईला माहीत आहे माझा पाय कुठे टिकत नाही. गॅरेज सोडलं, हॉटेल सोडलं, रंगाचं काम सोडलं. इथे टिकलो ते लोकरमुळे. बाकी कामात काय आहे? जाळ्या धुवा, घाण काढा, भांडी घासा, औषध पाजताना चावून घ्या. पण बुधवारी मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. लोकरचा पट्टा माझ्या हातात, आणि दवाखान्यातले लोक बाजूला सरून वाट द्यायचे. मला नाही, तिला. पण मधे मी पण असायचो ना.

आजारी माणसांजवळ जाऊन बसायचं, एवढंच तिचं काम. पलंगाच्या कडेवर हनुवटी ठेवायची आणि थांबायची. माणूस हसला तरी थांबायची, रडला तरी थांबायची. इथे नवा होतो तेव्हा एकदा मी तिच्याजवळ बसून रडलो होतो. तेव्हापण थांबली होती.

७ फेब्रुवारी, शनिवार

ताईंनी ठरवलं. लोकरच्या जागी शहाणी जाणार.

ताई म्हणजे आमच्या शेल्टरच्या मालकीण. लोकरला त्यांनी पिल्लू होती तेव्हापासून शिकवलेली. लोकर गेल्यापासून त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर तिची चादर तशीच आहे. कुणी हलवत नाही.

शहाणी एका बंद गोदामात साखळीला बांधलेली सापडली होती. आल्यापासून आवाज नाही. सुई टोचली तरी हलत नाही. शेजारी हवालदार बोंबलतो, समोर बटण (हा एका डोळ्याचा, माझ्या खोलीत झोपतो) नाचतो. ही आपली उभी. म्हणून सगळे म्हणायला लागले, किती शहाणी. तेच नाव पडलं.

ताई म्हणाल्या, "हिच्यात लोकर आहे रे. बघ तिच्या डोळ्यांत."

मी बघितलं. मला पण दिसली. खोटं नाही लिहीत, दिसली.

आता ट्रकवाल्या काकांना गाडी मिळेल.

८ फेब्रुवारी

काकांचं नीट लिहून ठेवतो. त्यांचा ट्रक उलटला होता. उजवा हात खांद्याला लटकतोय एवढंच, आत जीव नाही. चहाचा गरम कप धरतात, फोड येतो, कळत नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना ते फौजदारीणबाई म्हणतात आणि मला क्लीनर. लोकर त्यांची गाडी. "ए क्लीनर, गाडी लाव इकडे!" मग बाई त्यांच्या पंजाला ब्रश बांधायच्या आणि ते खांद्यातून जोर लावून लोकरची पाठ विंचरायचे. घाम निघायचा. शिव्या पण. लोकर गेल्यापासून काही करत नाहीत. बाईंना म्हणाले, "भिंत विंचरू का?"

बाईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, हे असेच पडून राहिले तर बोटं मिटत जातील. मिटली की मग कुणाच्या हातात काही नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शहाणीची परीक्षा झाली.

मागून स्टीलचं ताट आपटायचं. शेपूट ओढायचं. अंगावर चाकाची खुर्ची न्यायची. गळ्यात पडून रडायचं. शेवटी दोन माणसांनी तिच्यासमोर कडाक्याचं भांडण करायचं. भांडायला मी आणि वॉचमन. खोटं भांडायचं होतं, पण वॉचमनला जोरच चढला. "माझी चप्पल घालून कोण जातं रे रोज?" मी म्हटलं, अहो, ते आत्ता कशाला? "आत्ताच बोलायला सांगितलंय ना!"

सगळे हसून लोळले. शहाणी डोळ्याची पापणी न हलवता उभी. ताईंनी तिला मिठी मारली. "माझी लोकरच परत आली," म्हणाल्या.

संध्याकाळी इस्त्री केली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. काकांनी नाक मुरडलं. "ही? हिच्या अंगावर केस तरी आहेत का विंचरायला?"

मी म्हटलं, नवीन मॉडेल आहे काका, सावकाश चालवा.

हसले. दीड महिन्याने हसले, बाई म्हणाल्या. ब्रश बांधला. हात चालला, थोडाच, पण चालला. शहाणी पलंगाला लागून उभी, जशी ठेवली तशी.

४ मार्च, बुधवार

काका आता स्वतः ब्रश मागतात. करंगळी हलली! बाईंनी मला पण दाखवली. मला वाटलं होतं हलवून दाखवतील, तर नुसती थरथरली. पण थरथरली.

आईला सांगितलं, एवढ्यात येत नाही.

११ मार्च, बुधवार

काय लिहू.

आज ब्रशचा पट्टा सुटला आणि ब्रश खाली पडला. मी उचलायला वाकलो तर काका म्हणाले, "थांब." त्यांचा पंजा शहाणीच्या बरगड्यांवर पडलेला. चेहरा असा झालेला की मला वाटलं, चक्कर येतेय.

"लागतंय रे," म्हणाले. "हाताला काहीतरी लागतंय."

बाई धावत आल्या. टाचणी टोचून विचारलं, कळतंय का? "अहो, भोसकता काय, कळतंय!" आख्ख्या वॉर्डने टाळ्या वाजवल्या. मी पण. बाई तोंड फिरवून डोळे पुसत होत्या.

काकांनी हात काढला नव्हता. मला हळूच म्हणाले, "क्लीनर, इकडे ये. हे काय धडधडतंय?"

मी म्हटलं, काळीज असेल तिचं.

"ते कळलं. पण गाडी जागेवर उभी आहे ना? मग इंजिन एवढं का रेस झालंय?"

मी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला.

बाहेरून पान हलत नव्हतं. आत म्हणजे बंद खोलीतून कुणीतरी दारावर बुक्क्या मारतंय. मी तिला दर मंगळवारी आंघोळ घालतो. तेव्हा साबण, पाणी, माझी घाई. कधी कळलंच नाही.

काका म्हणाले, "घाटात असं झालं की गाडी बाजूला घ्यायची असते रे."

१२ मार्च

शाळेत मी मार खाताना असाच उभा राहायचो. हात पुढे करून, सरळ. मास्तर म्हणायचे, निर्लज्ज आहे, काही वाटतच नाही याला. सगळं वाटायचं. हललं की जास्त बसायचा, म्हणून हलायचो नाही. एक दिवस शाळेच्या गेटातूनच मागे फिरलो, मग परत कधीच गेलो नाही.

शहाणीला गेटच नाही.

१३ मार्च

ताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नवीन आहे, होईल सवय. लोकरपण पहिल्या पहिल्यांदा अशीच गप्प असायची." मग म्हणाल्या, "आणि त्या माणसाच्या हाताला आत्ता कुठे कळायला लागलंय. आत्ता बंद करू? तूच सांग."

मी काय सांगू? त्यांचंही खरं आहे. काकांचा हात पण खरा आहे. मान हलवली आणि जाळ्या धुवायला गेलो.

१७ मार्च, मंगळवार

आंघोळ घातली. हात छातीवर गेला नाही माझा. मुद्दाम नेला नाही.

१८ मार्च, बुधवार

शहाणी गाडीतून आपली आपण उतरली. ओढावं लागलं नाही. जिना चढली, पलंगाशी गेली, उभी राहिली. ओढावं लागलं असतं तर बरं झालं असतं.

बाई ब्रश बांधणार, एवढ्यात काका मोठ्याने म्हणाले, "नेऊन बांधा हिला. गुरगुरली माझ्यावर."

वॉर्डात कुत्रा माणसावर एकदा जरी गुरगुरला तरी परत येऊ देत नाहीत. हे काकांना माहीत आहे, आम्हीच सांगितलेलं.

बाई म्हणाल्या, "नक्की? मला नाही ऐकू आलं."

"हात गेलाय माझा. कान नाही गेलेले."

ताई दारातून आत आल्या. शहाणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पट्टा तुझ्या हातात होता. गुरगुरली?"

काका छताकडे बघत होते. शहाणी तोंड मिटून उभी होती.

मी म्हटलं, हो.

येताना गाडीत ताई एकच वाक्य बोलल्या. "लोकर कधी गुरगुरली नाही."

१९ मार्च

शहाणीच्या जाळीवर लाल पट्टी बांधली. माणसांवर गुरगुरणाऱ्या कुत्र्यांना बांधतात. पट्टीवालं कुत्रं कुणी घरी न्यायला मागितलं तरी देत नाहीत. शेवटच्या ओळीत हलवली तिला. तिथे उन्हं येत नाहीत.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांच्या पण नसणार. आता खरं सांगितलं तर बुधवारी परत वॉर्ड. नाही सांगितलं तर जन्मभर ही जाळी. पट्टी बांधायला ताईंनी मलाच सांगितलं. गाठ नीट बसेना.

२० मार्च

बटण उशीवर झोपलाय. मी पायथ्याला.

२२ मार्च, रविवार

सुट्टी होती. काकांना भेटायला गेलो, रिकाम्या हाताने. लिफ्टवाल्याने विचारलं, "आज एकटाच?"

काका रबरी चेंडू दाबत होते. मला बघून जास्त दाबायला लागले. "फौजदारीणबाईंनी दिलाय. याला काळीज नसतं, बरं असतं." पण चेंडू दर वेळी हातातून सुटतोय. बाई म्हणाल्या, ब्रशच्या वेळी खांद्यापासून हात हलायचा, आता तेवढा जोरच लावत नाहीत. करंगळीचं विचारलं नाही मी.

लाल पट्टीचं सांगितलं. नव्हतं सांगायचं, पण त्यांनीच विचारलं, गाडी बरी आहे का.

चेंडू उशीखाली सारला. मग म्हणाले, "म्हणजे आपण दोघांनी मिळून तिचं परमिटच रद्द केलं की रे."

मी म्हटलं, हो.

"तू आहेस ना पण तिथे?"

आहे. पण मी म्हणजे कोण? चावी ताईंकडे, पट्टी नियमाची. माझ्याकडे खराटा.

२४ मार्च, मंगळवार

आज बादली भरली नाही.

लोकरचा विचार डोक्यातून जात नाही. तिच्या डोक्यावरून, पाठीवरून, कानामागून मी किती हात फिरवला असेल. छातीवर कधी ठेवला? आठवत नाही. ताई म्हणाल्या ना, पहिल्यांदा तीपण अशीच गप्प असायची. मग नंतर काय झालं? भीती गेली, की फक्त सवय झाली?

दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती मला ओढत न्यायची. हो, ओढायची. शेपूट हलायचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मला बुधवारची घाई असायची, इस्त्रीचा शर्ट असायचा. पट्टा ताणलेला असायचा एवढं नक्की. कोण कुणाला ओढत होतं, ते आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

ताईंना विचारलं तर त्या मोडतील. काकांना विचारलं तर त्यांनी वर्षभर विंचरलेली पाठ त्यांना टोचायला लागेल. म्हणजे विचारायचं कुणालाच नाही. जिला माहीत होतं ती थांबली, थांबली आणि गेली.

२५ मार्च, बुधवार

आज दवाखान्यात कुणी गेलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

शहाणीचं भांडं उचलायला आत हात घातला तर ती गुरगुरली. बारीक, घशातल्या घशात. दात दाखवले. मला!

मी हात मागे घेतला.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग परत एकदा गुरगुरली, जरा हळू, काय होतंय बघू म्हणून. मी आणखी मागे सरकलो, ओल्या फरशीवर बसलो. मग ती खाली वाकली आणि माझ्यादेखत खायला लागली.